मृगातली कुंडी: डिचोली तालुक्यातल्या एका बोन्साय रोपवाटिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं आणि माणसांचं नाव छापायचं नाही, या अटीवर वहिनीने हे लिहायला परवानगी दिली. तालुका डिचोली, एवढं पुरे. मी तिचा धाकटा दीर. शाळेत शिकवतो आणि रोपवाटिकेच्या हिशेबाची वही सांभाळतो. झाडांतलं मला जे कळतं ते त्या वहीतून आणि तिच्या बोलण्यातून आलेलं आहे.

घरामागे, कुळागराच्या म्हणजे माड-पोफळीच्या बागेच्या कडेला साधारण चारशे चौरस मीटर जागा आहे. तिथे वहिनीने सुरुवात केली ती फुकटच्या झाडांवर. आमच्याकडे पावसाळा संपला की चिऱ्यांच्या जुन्या गडग्यांतून, विहिरीच्या काठातून, कौलांच्या पन्हळीतून वड-पिंपळ-नांदरूक डोकं वर काढतात. भिंत फुटायच्या भीतीने लोक ते उपटून टाकायलाच बसलेले असतात. ‘घेऊन जा गो बाय, देव बरें करूं’ म्हणून वर आशीर्वाद देतात. भिंतीत वाढलेल्या नांदरुकाची मुळं चपटी आणि पिळदार होतात. बोन्सायवाल्याला नेमकं तेच हवं असतं.

चौथ्या वर्षी वहीत 158 कुंड्या होत्या. वडाच्या कुळातली, म्हणजे नांदरूक, वड, पिंपळ, उंबर मिळून 74. अडेनियम 36, बोगनवेल 18, जेड 16, जुनिपर 8 आणि चिंच-करवंद-कामिनी मिळून 6. विक्रीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. किनाऱ्यावरची पर्यटक रिसॉर्टं, पर्वरी-पणजीचे फ्लॅट आणि छोट्या झाडांसाठी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. ज्येष्ठात वटपौर्णिमेला फ्लॅटमधल्या बायका वडाचं बोन्साय दोन दिवसांसाठी भाड्यानेही नेतात. हा धंदा वहिनीला एका गिऱ्हाइकाने सुचवला आणि त्यात तिला अजून थोडा संकोच वाटतो. भाडं मात्र ती घेते.

त्या वर्षी मे महिन्यात एका रिसॉर्टने 40 झाडांची मागणी नोंदवली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्यायची, 40,000 रुपये आगाऊ. इतकी मोठी रक्कम एकदम हातात येण्याची ही पहिलीच वेळ.

पहिला निर्णय: मृगात कुंड्या बदलायच्या

मागणी पुरी करायची तर झाडं प्लास्टिकच्या खोल कुंड्यांतून काढून उथळ ट्रेमध्ये बसवायला हवी होती. पुस्तकांत लिहिलेलं असतं की कुंडीबदल वसंतात, नवी पालवी फुटायच्या तोंडावर करावा. आपल्याकडे ती वेळ येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवसांत वहिनी विक्रीत बुडालेली होती. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला जाते. उरला जून.

जूनच्या बाजूने आईचं मत होतं. ‘मृगात काठी रोवली तरी फुटते,’ असं ती म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. 7-8 जूनला मृग लागला की आमच्याकडे भाजीच्या वेलापासून माडापर्यंत सगळं त्याच दिवसांत लावतात. हवा दमट, ऊन मऊ, पाणी वरून येणार. मुळं कापलेल्या झाडाला आणखी काय हवं? मलाही ते पटलं होतं. कामाला येणाऱ्या दोघीही शेतीची लावणी सुरू होईपर्यंत मोकळ्या होत्या.

मृगाच्या पहिल्या बारा दिवसांत 112 झाडं ट्रेमध्ये गेली: वडवर्गीय 48, झाडून सगळे 36 अडेनियम, 16 जेड, 8 जुनिपर आणि 4 बोगनवेली. मिश्रण नेहमीचं, लाल माती, शेणखत आणि कोकोपीट सारख्याच वाट्याने. ट्रेच्या तळाला, पाणी निघावं म्हणून, खापरांच्या तुकड्यांचा थर. वरून हिरवी शेडनेट, पन्नास टक्के सावलीची. फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेल्या तारा तशाच ठेवल्या.

जूनअखेर नांदरुकांना कोवळी पालवी आली. वहिनीने फोटो काढून रिसॉर्टला पाठवले.

अडचण

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटाकडे आणखी जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यातही जुलै भारी. त्या वर्षी पुनर्वसूत पावसाने नऊ दिवस उसंत दिली नाही.

पहिल्यांदा कळलं ते वासावरून. कुंड्यांच्या ओळीतून चालताना आंबूस, गटाराच्या कडेचा वास यायला लागला. नांदरुकाची पानं पिवळी होऊन खाली, जेडच्या फांदीला बोट लागलं की पानांचा सडा. वहिनीने एक नांदरूक ट्रेमधून बाहेर काढलं आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं. मुळाची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला. ‘भावजी, हे बघा,’ एवढंच म्हणाली. ती काळी, बुळबुळीत साल बराच वेळ तिच्या बोटाला चिकटून होती.

अडेनियमचं दुखणं वरून दिसत नाही. बुंधा फुगीर, हिरवा, ठणठणीत. अंगठ्याने दाबला की पिकलेल्या चिकूसारखा आत जातो. जुनिपर तर त्याहून लबाड. मुळं मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवा राहतो. आमचे आठही जुनिपर ऑगस्टच्या शेवटापर्यंत छान दिसत होते. नंतर एकदम भुरे झाले.

दुसरी अडचण तारांची. पावसात वडाच्या कुळातली झाडं इतक्या वेगाने पोसतात की उन्हाळ्यात सैल वाटणारी ॲल्युमिनियमची तार सहा आठवड्यांत सालीत रुतते. अकरा झाडांच्या फांद्यांवर वळ उठले. ते बुजायला वर्षं लागतात, आणि विकाऊ झाड तोवर विकाऊ राहत नाही.

कारण कसं सापडलं

आधी आम्ही बुरशीला दोष दिला, मग शेणखताला. खरं कारण दाखवलं ते वहिनीच्या ओळखीच्या एका निवृत्त कृषी अधिकाऱ्यांनी, तेही आमच्या मोरीत. भांडी घासायचा जाड स्पंज त्यांनी बादलीत बुडवला आणि आडवा धरला. पाणी गळलं, थेंब थांबले. मग काहीही न पिळता तोच स्पंज कडेवर उभा केला, तर पुन्हा पाण्याची धार लागली.

म्हणजे असं. मातीतून पाणी निथळलं तरी तळाशी एक ओला पट्टा उरतोच. त्या पट्ट्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीशी तिचा संबंध नसतो. कण बारीक असतील तर पट्टा उंच. तो दोन इंच आहे असं धरा. बारा इंच खोल कुंडीत मुळांना वरचे दहा इंच हवेशीर मिळतात. अडीच इंचांच्या ट्रेमध्ये तोच पट्टा जवळजवळ सगळी जागा खातो. वरून पाऊस थांबतच नसेल तर मुळांनी श्वास घ्यायचा कुठून? तळाला घातलेल्या खापऱ्यांचाही उपयोग नव्हता. ओला पट्टा त्यांच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते.

मृगाचा नियम जमिनीसाठी आहे. उतारावरच्या जांभ्या जमिनीत पाणी खोल उतरून जातं. ट्रेला ती खोली नसते. त्यात आम्ही मुळं नुकतीच कापलेली, म्हणजे सडायला तोंडं उघडी. आणि ज्या शेडनेटने उन्हाळ्यात झाडं वाचवली, तीच ढगाळ दिवसांत उरलासुरला उजेड आणि वारा अडवत होती.

वहीतला एक आकडा इथे कामाला आला. ज्या 46 झाडांना आम्ही हात लावला नव्हता, ती त्याच पावसात, त्याच नेटखाली, तशाच मिश्रणात पण खोल कुंड्यांत होती. त्यातली फक्त दोन गेली.

समोरचे पर्याय

जुलैच्या मध्यावर एका रात्री जेवणं झाल्यावर सोप्यावर बसून आम्ही बोललो. दादा, वहिनी, मी, आणि आई ऐकत होती.

दादाचं म्हणणं, वरून प्लास्टिकचं छप्पर घालून टाकू. लोखंडी सांगाड्यासकट सत्तर हजारांचा अंदाज आला होता. पैशांची ओढाताण सोडली तरी वहिनीचा आक्षेप वेगळा होता. वडवर्गीयांना पाऊस आवडतो, त्यांना कोंडून काय मिळवायचं? आणि जुलैच्या वाऱ्यात घाईने बांधलेलं छप्पर झाडांवरच पडलं तर?

दुसरा पर्याय, सगळी झाडं पुन्हा काढून मोकळ्या, खडेदार मिश्रणात बसवायची. कागदावर बरोबर. पण पाच आठवड्यांत दुसऱ्यांदा मुळं उघडी करायची, तीही भर पावसात. मी याच्या बाजूने होतो. माझं चुकलं असतं, असं आता वाटतं.

तिसरा पर्याय बाहेरचा माल. परराज्यातल्या व्यापाऱ्याकडून तयार झाडं मागवून रिसॉर्टची मागणी भागवायची आणि आपल्या झाडांना त्यांचा वेळ द्यायचा. हिशेबात हा सर्वात सुरक्षित होता. वहिनीने तो पाच मिनिटांत मोडून काढला. ‘ज्या झाडाचं मला काही ठाऊक नाही, ते माझं म्हणून देऊ? आणि डिसेंबरात मेलं तर त्यांना काय सांगू?’

काय केलं

ठरलं असं, की सगळ्या झाडांना एक उपाय लावायचा नाही. जातीप्रमाणे वेगळं करायचं.

वडवर्गीयांवरची नेट काढली आणि प्रत्येक ट्रे तिरका केला. एका बाजूखाली चिऱ्याचा चपटा तुकडा सारायचा, बस. स्पंज कडेवर उभा करण्याचीच ही गोष्ट. पाण्याच्या स्तंभाची उंची वाढते, उताराच्या कोपऱ्यातून जास्तीचं निघून जातं आणि वरच्या बाजूची मुळं तरी मोकळी राहतात. या उपायाला खर्च शून्य, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं त्यानेच वाचवली. तारा त्याच दिवशी उतरवल्या. उलगडत बसलं तर कोवळी साल निघते आणि चीक वाहतो, म्हणून पक्कडीने तुकडे करून काढल्या.

जेड आणि जुनिपर घराच्या पडवीत, पावसाबाहेर. जुनिपरसाठी उशीर झाला होता, पण ते कळायला दीड महिना होता.

अडेनियमची कथा लांब आहे. छत्तीसही झाडं मातीतून काढली. चौदांचा बुंधा पार गेलेला, ते फेकले. उरलेल्या बावीसांचा सडका भाग वहिनी पांढरा, कोरडा गर लागेपर्यंत कापत गेली. दर कापानंतर सुरी पुसायची, नाहीतर सड सुरीबरोबर पुढे जाते. कापलेल्या जागी कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पूड. आणि मग प्रश्न, जुलैत कोरडी जागा आणायची कुठून? घरात कपडे वाळत नाहीत, अडेनियम काय वाळणार. उत्तर आईने दिलं. न्हाणीत पाणी तापवायची चूल आमच्याकडे अजून पेटते. तिच्याजवळच्या वाशाला सुंभाने बांधून बावीस अडेनियम उलटे टांगले. सतरा दिवस ते धुरात लटकत होते आणि आंघोळीला जाणारा प्रत्येकजण वाकून जात होता. मृगाचा सल्लाही आईचाच होता, पण तो विषय त्या दिवसांत कोणी काढला नाही.

रिसॉर्टला वहिनीने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच फोन केला. हा दुसरा मोठा निर्णय. दादा म्हणत होता, चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, तोवर किती वाचतात ते कळेल. तिने थांबायला नकार दिला. ऑक्टोबरात 22 नांदरूक आणि वड देईन, बाकीची 18 झाडं फेब्रुवारीत, आणि त्या 18 झाडांचे 18,000 आत्ता परत, असं सांगितलं. समोरचा माणूस फोनवर नाराज झाला. पैसे मात्र त्याने परत घेतले आणि 22 झाडांचा सौदा टिकला.

निकाल

त्या वर्षी 56 झाडं गेली. बदललेल्या 112 पैकी 54: अडेनियम 23, वडवर्गीय 11, जेड 9, जुनिपर आठच्या आठ, बोगनवेली 3. टांगलेल्या बावीसांतले तेरा अडेनियम जगले. त्यांचे बुंधे कापून वेडेवाकडे झालेले, पण दोन वर्षांनी त्यातलाच एक वहिनीच्या आजवरच्या सगळ्यात चांगल्या भावाला गेला. गिऱ्हाइकाला तो आकार मुद्दाम दिलेला वाटला. वहिनीने दुरुस्ती केली नाही.

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक झाडांच्या चालीने बसवलं. वहिनी अंगणातल्या पिंपळावर नजर ठेवते. जुनी पानं झडून तांबूस पालवी दिसली की वडवर्गीयांच्या कुंड्या बदलायच्या. अडेनियम एप्रिलमध्ये, आणि बदलल्यावर आठवडाभर थेंबही पाणी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात तारा काढणं, ट्रे तिरके करणं, अडेनियम-जेड पडवीत नेणं. पाऊस असेपर्यंत कोणाच्याही मुळाला हात नाही. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन मोठ्या आफ्रिकन गोगलगायी वेचायच्या. ओल्या गोणपाटाखाली पपईची पानं ठेवली की त्या तिथे गोळा होतात. पाऊस सरल्यावर सावलीतली झाडं एकदम उन्हात काढायची नाहीत, ऑक्टोबरचं ऊन पानं भाजतं. नवी तार ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बोगनवेलीचं पाणी याच सुमारास तोडायचं, म्हणजे ती हंगामाला फुलते.

मिश्रणही बदललं. चिरे कापतात तिथे पडलेला खडा आणून दोन चाळण्यांतून काढायचा, 3 ते 6 मिलिमीटरचा ठेवायचा, भुकटी सगळी धुऊन टाकायची. त्याचे दोन वाटे, विटांचे तुकडे एक वाटा, चांगलं कुजलेलं खत एक वाटा. सगळा चिरा सारखा नसतो, हे एका हंगामानंतर कळलं. मऊ खडा वर्षात विरघळून पुन्हा चिखल होतो. म्हणून आता मूठभर खडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी चिमटीत दाबून बघतो. फुटला तर तो ढीग घ्यायचा नाही.

पुढच्या पावसात 131 पैकी 7 झाडं गेली, त्यातली चार अडेनियम.

हे सगळं फुकटात आलं नाही. खडेदार मिश्रण पाणी धरत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी घालावं लागलं आणि मेच्या मध्यावर दोन टँकर विकत घेतले. फेब्रुवारीतला कुंडीबदल ऐन विक्रीत येतो. त्या वर्षी वहिनीने म्हापशाचे चार शुक्रवार सोडले. वहीत तो तोटा स्पष्ट दिसतो. जुनिपर ठेवणं बंद केलं, आणि दर आठवड्याला कोणीतरी मोबाइलवर जपानी फोटो दाखवून ‘असलं नाही का?’ विचारतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक तर 112 झाडं एका झटक्यात बदलायची गरज नव्हती. मागणी 40 ची होती. उरलेली 72 केवळ माणसं हाताशी आहेत म्हणून उरकली. वहिनी याला ‘पंगतीचा उत्साह’ म्हणते, एकाला वाढलं की सगळ्यांना. अडेनियमला आणि नांदरुकाला एकाच दिवशी एकच माती देणं, ही चूक मला पावसापेक्षा मोठी वाटते. मृग टाळला असता आणि हे तसंच ठेवलं असतं तर निम्मं नुकसान तरी झालंच असतं.

जूनअखेरची ती पालवी आम्ही नीट वाचली नाही. मुळं कापलेलं झाड बुंध्यातल्या साठ्यावरही पालवतं. मूळ धरल्याचा तो पुरावा नसतो. तेव्हा एक-दोन झाडं उचलून खाली पाहिलं असतं तर आणखी दोनेक आठवडे हातात मिळाले असते.

आगाऊ रक्कम घेताना पावसाळ्याची अट घालायला हवी होती. आता वहिनी जून ते सप्टेंबर या काळात ‘तारीख पक्की’ हा शब्दच वापरत नाही.

छपराबद्दल दादाचं आणि वहिनीचं अजून जुळलेलं नाही. दादाच्या मते अडेनियम-जेडपुरतं लहान छप्पर त्याच वर्षी घातलं असतं तर ते केव्हाच वसूल झालं असतं. आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे मला वही बघून कबूल करावं लागतं.

आणि मृगाचं? त्याच जूनमध्ये, ट्रेला नालायक ठरलेली सहा हडकुळी नांदरुकं वहिनीने कुळागराच्या बांधावर खड्डे काढून रोवली होती. कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. सहाही जगली. ट्रेमधल्या त्यांच्या भावंडांचा बुंधा तीन वर्षांत अंगठ्याहून थोडा जाड झाला, ही मनगटाएवढी झाली आहेत. आता दर मृगाला आठ-दहा बारकी रोपं बुंधा पोसायला जमिनीत जातात. आई स्वतः उभी राहून लावून घेते. त्या सहातली दोन येत्या फेब्रुवारीत, पिंपळ तांबूस झाला की, उचलायची आहेत. ट्रे कुठला, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.